भारतीय रातवा की रानरातवा? अंधारातल्या दोन सारख्या पक्ष्यांमधला फरक

सन १७९० मध्ये जॉन लॅथम या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने आपल्या एकाच ग्रंथात दोन रातव्यांना शास्त्रीय नावे दिली. एकाला त्याने 'कॅप्रिमल्गस इंडिकस', म्हणजे भारताचा रातवा, म्हटले आणि दुसऱ्याला 'कॅप्रिमल्गस एशियाटिकस', म्हणजे आशियाचा. पुढे रूढ नावे पडली ती मात्र उलटसुलट. ज्याच्या शास्त्रीय नावात भारत आहे तो रानरातवा ठरला, आणि ज्याच्या नावात आशिया आहे त्याला भारतीय रातवा म्हणू लागले. पक्ष्यांची यादी करणाऱ्या नवशिक्याने 'इंडिकस' हे नाव पाहून 'भारतीय' या रकान्यात खूण करावी, ही चूक इतकी सहज घडते की तिच्याबद्दल कुणाला बोल लावता येत नाही. मी स्वतः ती दोन वर्षे करत होतो, आणि जुन्या वहीतल्या त्या नोंदींपुढे आता पेन्सिलीने प्रश्नचिन्हे काढून ठेवली आहेत.

नावांचा घोळ एका बैठकीत निस्तरता येतो, पक्ष्यांचा येत नाही. दोघेही महाराष्ट्रात बारमाही राहतात, दोघेही दिवसभर निश्चल बसतात, दिवेलागणीला बाहेर पडतात आणि हवेतल्या हवेत किडे टिपतात. दोघांचाही रंग वाळका पाचोळा, माती आणि राख एकत्र कालवल्यासारखा असतो. त्यांच्यातला फरक सांगणाऱ्या खुणा पुस्तकात दहा-बारा दिलेल्या असतात आणि त्या बहुतेक खऱ्याही असतात. परंतु अमुक खूण अमुक परिस्थितीत दिसूच शकत नाही, हे पुस्तक सहसा सांगत नाही. बसलेल्या पक्ष्याची खूण उडणाऱ्या पक्ष्यावर शोधण्यात आणि उडणाऱ्याची खूण नुसत्या आवाजावर बसवण्यात पुष्कळ संध्याकाळी वाया जातात. म्हणून रातवा आपल्याला कसा भेटला, हे आधी पाहावे आणि मग त्या भेटीला लागू पडेल तीच खूण हातात घ्यावी, अशा क्रमाने हा विषय मी पुढे मांडतो आहे.

त्याआधी रातवा म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवे. आकाराने तो साधारण साळुंकीएवढा असतो, मात्र पंख आणि शेपूट लांब असल्यामुळे उडताना बराच मोठा वाटतो. त्याची चोच नखाएवढी दिसते, पण तोंड उघडले की जबडा थेट डोळ्यांच्या खालपर्यंत फाकतो, आणि त्या तोंडाच्या दोन्ही कडांना मिशांसारखे राठ केस असतात. पतंग, भुंगेरे आणि इतर उडणारे किडे हे त्याचे अन्न. पाय इतके आखूड आणि दुबळे की तो चालताना क्वचितच दिसतो. पायाच्या मधल्या बोटाच्या नखाला मात्र एका कडेने फणीसारखे दाते असतात. पंखांची पिसे मऊ असल्यामुळे त्याच्या उडण्याचा आवाज होत नाही, आणि त्यामुळेच अनेकजण त्याला घुबडाचा भाऊबंद समजतात. प्रत्यक्षात त्याचे जवळचे नाते घुबडाशी नसून पाकोळीशी आहे. 'कॅप्रिमल्गस' या लॅटिन नावाचा अर्थ 'शेळीचे दूध काढणारा' असा होतो. गोठ्याभोवती आणि कळपाभोवती जमणाऱ्या किड्यांमागे येणाऱ्या या बिचाऱ्या पक्ष्यावर युरोपातल्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच दूधचोरीचा आळ घेतला होता, आणि लिनियसने १७५८ मध्ये तोच आळ शास्त्रीय नावात कायमचा नोंदवला.

आता रंगाविषयी. सर्वसाधारणपणे भारतीय रातवा फिकट राखाडी आणि रानरातवा गडद करडा, असे सांगितले जाते आणि ते चुकीचे नाही. दोघांना शेजारी शेजारी ठेवले तर फरक कळतोही. अडचण अशी की निसर्गात ते शेजारी शेजारी बसत नाहीत. शिवाय एकाच जातीतले काही पक्षी अधिक तांबूस तर काही अधिक करडे असतात. त्यावर आपण टाकलेला उजेड आणखी गोंधळ करतो. जुन्या पिवळ्या बॅटरीत प्रत्येक रातवा तपकिरी दिसतो, पांढऱ्या एलईडीत तोच पक्षी राखाडी दिसतो, आणि मोबाइलने काढलेल्या फोटोत यंत्राला जो रंग बरा वाटेल तो दिसतो. संपूर्ण अंगाच्या रंगावरून रातव्याची जात ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रंग कुठे आहे आणि कुठे नाही, एवढेच विचारावे.

बहुतेक वेळा रातवा दिसण्याआधी ऐकू येतो, आणि ओळख पटवण्यासाठी याहून चांगली भेट दुसरी नाही. एखादी काचेची गोटी हातभर उंचीवरून शहाबादी फरशीवर सोडून पाहावी. पहिले दोन-तीन टप्पे मोकळे आणि ठणठणीत पडतात, मग त्यांच्यातले अंतर झपाट्याने कमी होत जाते आणि शेवटी गोटी थरथरत जागच्या जागी स्थिर होते. भारतीय रातव्याचा आवाज हुबेहूब असा असतो: 'चक… चक… चक.. चक. चकर्रर्र'. आरंभी वेगळे वेगळे ठोके, पुढे घाई, आणि शेवटी एकमेकांत मिसळून गेलेली थरथर. थोडा वेळ शांतता, आणि पुन्हा गोटी पडते. एकदा ही गोटी कानात बसली की पुढे आयुष्यभर विसरत नाही.

रानरातव्याच्या आवाजात घाई नसते. त्याचा सूर दोन अवयवांचा असतो, साधारण 'ठकू… ठकू… ठकू', आणि तो सारख्या अंतराने, सारख्या जोराने येत राहतो. गावाबाहेरच्या हापशाचा दांडा कुणीतरी संथपणे वरखाली करत आहे, घागर भरेपर्यंत थांबणार नाही आणि गतीही वाढवणार नाही, अशी काहीशी ती लय असते. याखेरीज 'फ्विक-फ्विक-फ्विक' असा भराभर येणारा दुसराही एक आवाज तो काढतो. हा आवाज जलद असला तरी त्यातही ठोक्यांमधले अंतर आरंभापासून शेवटपर्यंत तेवढेच राहते. दोन जातींमधला खरा फरक आवाजाच्या वेगात नाही, वेग बदलतो की नाही यात आहे.

येथे एक फसगत होते, तिच्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. भारतीय रातव्याच्या हाकेतले पहिले ठोके सर्वांत ठळक असतात आणि शेवटची थरथर तुलनेने हलकी असते. पक्षी तीन-चारशे मीटर दूर असला, किंवा वारा उलटा असला, तर शेवटचा भाग आपल्यापर्यंत पोचतच नाही आणि कानावर फक्त 'चक-चक-चक' एवढेच येते. गोटीची उपमा पाठ करून आलेला माणूस मग थरथर ऐकू आली नाही म्हणून तो रानरातवा ठरवून मोकळा होतो. अशा वेळी थरथरीची वाट पाहू नये. जेवढे ठोके ऐकू येतात तेवढ्यांत दुसरा आणि तिसरा यांच्यातले अंतर, तिसरा आणि चौथा यांच्यातल्या अंतराहून मोठे आहे का, एवढेच पाहावे. मांडीवर बोटाने ठेका धरला तर हे लगेच कळते: भारतीय रातव्याबरोबर ठेका धरणाऱ्याचे बोट हमखास मागे पडते.

कानावर विश्वास नसेल तर मोबाइलवर आवाज मुद्रित करावा. पक्ष्यांचे आवाज ओळखणारी जी ॲप आहेत त्यांत मुद्रित झालेल्या आवाजाचा आलेख दिसतो. त्यात प्रत्येक ठोक्याची एक उभी रेघ उमटते. भारतीय रातव्याच्या रेघा डावीकडे विरळ आणि उजवीकडे दाटत गेलेल्या असतात, रानरातव्याच्या रेघा तारेच्या कुंपणाच्या खांबांसारख्या समान अंतरावर उभ्या असतात. ॲपने सुचवलेले नाव चुकीचे असू शकते, परंतु आलेखातल्या रेघांमधले अंतर आपण स्वतः मोजू शकतो, म्हणून मी ॲपच्या उत्तरापेक्षा त्याच्या चित्रावर अधिक भर देतो. झेनो-कँटो या संकेतस्थळावर दोन्ही जातींची मुद्रणे मोफत ऐकता येतात. ती घरी ऐकावीत. रानात ती वाजवून पक्ष्याला जवळ बोलावण्याची पद्धत फार बोकाळली आहे आणि ती मला मुळीच पसंत नाही, कारण विणीच्या काळात नर आपले किडे टिपायचे सोडून त्या खोट्या प्रतिस्पर्ध्यापुढे ओरडत बसतो.

दुसरी भेट रस्त्यावरची. उन्हाळ्याच्या रात्री माळावरच्या आडरस्त्याने जाताना डांबरावर दोन निखारे पेटल्यासारखे दिसतात आणि गाडी अगदी जवळ गेली की ते निखारे उचलले जाऊन दिव्याच्या झोतातून बाजूला सरकतात. रातव्याच्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मागे उजेड परतवणारा एक थर असतो. अंधूक प्रकाशाचा दुहेरी उपयोग करून घेण्यासाठी तो असतो आणि आपल्या दिव्याचा उजेड त्यावरूनच परत येतो. निखाऱ्याच्या रंगावरून जात ओळखतो असे सांगणारे लोक मला भेटले आहेत. उजेडाचा कोन बदलला की रंगही बदलतो, त्यामुळे या विद्येवर विसंबू नये.

मात्र गाडी थांबवून, इंजिन बंद करून, पक्षी बसलेला असतानाच दुर्बीण लावता आली तर दोन जागा पाहाव्यात. पहिली जागा मानेमागची. भारतीय रातव्याच्या मानेभोवती मागच्या बाजूने फिकट तांबूस, गुळाच्या पाकासारख्या रंगाचा रुंद पट्टा असतो आणि तो राखाडी डोके व राखाडी पाठ यांच्यामध्ये चांगला उठून दिसतो. रानरातव्याला असा पट्टा नसतो, किंवा असला तर इतका पुसट की तो शोधावा लागतो. शोधावा लागला म्हणजे तो नाही, असेच समजावे.

दुसरी जागा खांद्याची, आणि माझ्या मते बसलेल्या पक्ष्याची सर्वांत भरवशाची खूण हीच आहे. पंख मिटून बसलेल्या रातव्याच्या पाठीच्या दोन्ही बाजूंना, जेथे पंख पाठीला टेकतो तेथे, लांबट पिसांची एक ओळ असते. भारतीय रातव्यात या प्रत्येक पिसाचा मधला भाग काळा आणि टोकदार असतो आणि त्याच्या कडेने फिकट पिवळसर रुंद काठ असतो. हे काठ एकाशेजारी एक आले की पाठीवर दोन्ही बाजूंनी एकेक नक्षीदार पट्टी जोडल्यासारखी दिसते; पैठणीचा काठ जसा लांबूनही पदरापासून वेगळा कळतो, तशी ती उरलेल्या अंगापासून वेगळी कळते. रानरातव्याच्या खांद्यावर ही पट्टी नसते. तेथे काळे डाग असतात, परंतु त्यांना स्वच्छ फिकट काठ नसल्यामुळे ते आसपासच्या करड्या रंगात मिसळून जातात आणि संपूर्ण पाठ एकाच कापडाची वाटते. उजेड पिवळा असो वा पांढरा, काठ आहे की नाही हे बदलत नाही; ही खूण मला आवडते ती त्यामुळेच.

डोक्यावरच्या काळ्या रेघा, शेपटीच्या मधल्या पिसांवरचे आडवे पट्टे, गळ्यावरचे पांढरे डाग अशा आणखीही खुणा सांगितल्या जातात. त्यांपैकी मधल्या पिसांचा थोडा उपयोग होतो, कारण भारतीय रातव्याची ती पिसे फिकट आणि जवळजवळ कोरी दिसतात, तर रानरातव्याच्या पिसांवर काळे आडवे पट्टे अधिक ठळक असतात. गळ्यावरचा पांढरा डाग जवळपास सगळ्याच रातव्यांना असतो, त्यावर वेळ घालवू नये.

तिसरी भेट उडत्या पक्ष्याची. ही भेट दोन-तीन सेकंदांत संपते, आणि तेवढ्या वेळात फक्त पांढरे काय चमकले एवढेच दिसते. त्यासाठी थोडे अंकगणित आधी पाठ असावे लागते. रातव्याच्या शेपटीत एकूण दहा पिसे असतात, म्हणजे पाच जोड्या. भारतीय रातव्यात नर असो वा मादी, सर्वांत बाहेरच्या दोन जोड्यांची टोके पांढरी असतात. रानरातव्याच्या नरात मधली जोडी सोडून उरलेल्या चारही जोड्यांच्या टोकांकडे पांढरे असते. रानरातव्याच्या मादीच्या शेपटीत पांढरे नसतेच. पंखांच्या बाबतीतही असेच आहे: भारतीय रातव्याच्या दोन्ही लिंगांत आणि रानरातव्याच्या नरात पंखाच्या टोकाकडच्या मोठ्या पिसांवर पांढरा ठिपका असतो, तर रानरातव्याच्या मादीत त्या जागी तांबूस ठिपके असतात.

म्हणजे असे, की उडताना शेपटीच्या फक्त दोन्ही कोपऱ्यांना पांढरे दिसले तर तो भारतीय रातवा असण्याची शक्यता अधिक. शेपटी फाकल्यावर पांढऱ्या ठिपक्यांची जवळजवळ सलग ओळ दिसली तर रानरातव्याचा नर. आणि पांढरे अजिबात दिसले नाही तर भारतीय रातवा नव्हे, निदान पूर्ण वाढ झालेला तरी नव्हे. यातले शेवटचे अनुमान कागदावर भक्कम वाटते, पण 'दिसले नाही' आणि 'नव्हते' या दोन गोष्टी अंधारात फार जवळ येतात. शेपटी मिटलेली असेल तर पांढरे असूनही दिसत नाही. पक्षी वळताना किंवा जमिनीवर उतरताना शेपटी फाकवतो, नजर त्या क्षणाकडे लावून ठेवावी.

हे अंकगणित मला नीट समजले ते एका मेलेल्या पक्ष्यामुळे. वैशाखातल्या एका पहाटे, मुळशीकडच्या एका घाटरस्त्यावर, वाहनाने उडवलेला एक रातवा कडेला पडला होता. दिवसभर तापलेले डांबर रात्री उशिरापर्यंत उबदार राहते, मोकळ्या रस्त्यावरून वरचे किडे आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतात, आणि दिव्याने डोळे दिपले की पक्षी शेवटच्या क्षणापर्यंत उठत नाही. या साऱ्याचा परिणाम असा होतो की रस्त्यावर मेलेले रातवे वारंवार आढळतात. त्या पक्ष्याला एका वाळक्या पानावर ठेवून मी शेपटी पंख्यासारखी उलगडली. बाहेरचे पहिले पीस पांढऱ्या टोकाचे, दुसरेही तसेच. तिसरे मी भारतीय रातव्याच्या अपेक्षेने साधे असेल म्हणून ओढले, तर त्यालाही टोकाशी पांढरा ठिपका, चौथ्यालाही. पाचवे तेवढे राखाडी, काळ्या आडव्या पट्ट्यांचे. खांद्यावर काठ नव्हता, मानेवर पट्टा नव्हता. रानरातव्याचा नर. तोंडाच्या कडेचे राठ केस बोटाला लागत होते, आणि मधल्या नखाची फणी इतकी बारीक होती की ती पाहायला चष्मा काढून डोळा अगदी जवळ न्यावा लागला. फोटो काढले आणि पक्षी रस्त्यापासून दूर झुडपाखाली ठेवून दिला, म्हणजे त्याच्यासाठी येणारा मुंगूस तरी गाडीखाली सापडू नये. पिसे घरी आणली नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते बसत नाही.

आतापर्यंत मी जणू दोनच रातवे अस्तित्वात आहेत असे लिहिले, तसे नाही. महाराष्ट्राच्या पठारावर फ्रँकलिनचा रातवा हा तिसरा भिडू चांगलाच पसरलेला आहे, आणि वरच्या अंकगणितात तोच खोडा घालतो. त्याच्या मादीच्या शेपटीतही पांढरे नसते आणि तिच्याही पंखांवर तांबूस ठिपके असतात, त्यामुळे माळावर पांढऱ्याशिवाय उडालेला पक्षी लगेच रानरातव्याची मादी ठरवता येत नाही. नराच्या शेपटीतल्या बाहेरच्या दोन जोड्यांची पिसे मात्र टोकालाच नव्हे, तर जवळजवळ सबंध पांढरी असतात, आणि वळताना शेपटीच्या दोन्ही कडांना खडूने रेघा ओढल्यासारख्या दिसतात. सुदैवाने याचा आवाज दोघांहून अगदी निराळा आहे: उडता उडता एकेक सुटा, चिरका 'च्वीईप'. ज्याने तो एकदा ऐकला तो त्याला ना गोटी म्हणेल ना हापसा.

दक्षिण कोकणात आणि गोव्यात जर्डनचा रातवा या चौथ्याची भर पडते. तो गडद असून त्याच्या मानेमागे तांबूस पट्टा असतो. म्हणजे 'गडद असेल तर रानरातवा, पट्टा असेल तर भारतीय' हे सोपे सूत्र तेथे एकाच पक्ष्यावर दोन्ही बाजूंनी मोडते. तिकडच्या वाचकांनी आवाजाखेरीज दुसऱ्या कशावर शिक्कामोर्तब करू नये.

आणि आपले नाव धारण करणारा जो रातवा आहे, तो तर आपल्याकडे सहसा भेटतच नाही. कर्नल विल्यम साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी दख्खनमध्ये सांख्यिकी गोळा करण्याच्या कामावर होता. त्याने १८३२ मध्ये येथल्या पक्ष्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध करताना एका फिकट रातव्याला 'कॅप्रिमल्गस महरट्टेन्सिस', म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला, असे नाव दिले. हा पक्षी मुख्यतः वायव्येकडचा. कच्छ, राजस्थान, सिंध आणि त्यापलीकडचा कोरडा प्रदेश हे त्याचे घर आहे. मराठी माणसाला आपल्या नावाचा रातवा पाहायचा असेल तर त्याने कच्छचे तिकीट काढलेले बरे.

अधिवासाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. भारतीय रातवा मोकळ्या, कोरड्या, खुरट्या झुडपांच्या प्रदेशात, शेताच्या बांधांवर, गावाजवळच्या पडीक जमिनीवर राहतो. सासवड, सुपे, नान्नज अशा माळांवर त्याची गोटी नेहमी ऐकू येते. रानरातवा जंगलाच्या कडेचा. ताम्हिणी, फणसाड, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान अशा ठिकाणी तो अपेक्षित असतो. भारतीय रातवा जमिनीवर, दगडावर किंवा कुंपणाच्या खांबावर बसलेला अधिक दिसतो, रानरातवा झाडाच्या फांदीवरही बसतो आणि बसताना इतर पक्ष्यांसारखा फांदीला आडवा न बसता तिच्या लांबीच्या दिशेने, फांदीचाच फुगीर भाग असल्यासारखा बसतो. या साऱ्या गोष्टी खऱ्या आहेत, परंतु त्या कल सांगतात, पुरावा देत नाहीत. विदर्भातल्या सागवानी जंगलात पाचशे पावलांवर गवताळ पट्टा लागतो, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर जंगल आणि माळ एकमेकांत बोटे गुंफून बसलेले असतात, आणि रानरातवाही दिवसा जमिनीवर पाचोळ्यात बसतोच. जागेवरून जात आधी ठरवून टाकली की मग डोळ्यांना तेच दिसू लागते आणि कानांनाही तेच ऐकू येते.

जुन्या पुस्तकांबद्दलही एक सूचना करायला हवी. हिमालयात आणि पूर्व आशियात आढळणारा करडा रातवा पूर्वी रानरातव्याचीच उपजात मानला जात असे. अलीकडे त्याला स्वतंत्र जात धरतात. त्यामुळे जुन्या पुस्तकात 'इंडिकस' या नावाखाली दिलेली मापे, आवाज आणि प्रदेश हे दोघांचे मिळून असू शकतात. रानरातवा भारतीय रातव्यापेक्षा बराच मोठा असल्याची जी समजूत आहे, तिला हे एक कारण आहे. भारतीय रातवा साधारण २४ सेंटिमीटर लांब असतो, रानरातवा लांब शेपटीमुळे काहीसा मोठा वाटतो, परंतु अंधारात एकट्याने बसलेल्या पक्ष्यावरून हा फरक मोजता येईल असे वाटून घेऊ नये.

वेळ निवडताना सूर्यास्तानंतरचा अर्धा-पाऊण तास आणि पहाटेचा तेवढाच काळ राखून ठेवावा, कारण रातव्यांचे हाका मारणे तेव्हा सर्वांत जोरात चालते. चांदण्या रात्री ते अधिक वेळ शिकार करतात आणि हाकाही अधिक वेळ देतात, म्हणून शक्य असेल तर पौर्णिमेच्या आगेमागे जावे. मार्च ते मे हे महिने उत्तम. याच काळात वीणही चालू असते. रातवा घरटे बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा दोन अंडी घालते आणि त्यांवर बसून राहते. दिवसा माळावरून चालताना पायाजवळून अचानक रातवा उडाला आणि जवळच लंगडत, पंख पाडत फडफडू लागला, तर तो जखमी आहे असे समजून त्याच्या मागे धावू नये. अंडी किंवा पिल्ले आपल्या पायांजवळ आहेत एवढाच त्याचा अर्थ असतो. जागच्या जागी थांबून, खाली पाहून, आल्या वाटेने परत फिरावे.

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही तिघे ताम्हिणीच्या अलीकडे, जेथे झाडी संपून खडकाळ उतार सुरू होतो, अशा जागी बसलो होतो. सव्वासातच्या सुमारास डावीकडच्या झाडीतून 'ठकू, ठकू' सुरू झाले. त्याने शंभरेक ठोके घड्याळासारखे दिल्यावर उजवीकडच्या उतारावर गोटी पडली. मग काही मिनिटे दोन्ही बाजूंनी हाका चालू राहिल्या आणि सोबतच्या मुलीने, जी त्या दिवशी पहिल्यांदाच रातवा ऐकत होती, कुणी न सांगता दोन्हीकडे दोन बोटे दाखवून 'हे दोन वेगळे आहेत' असे म्हटले. थोड्या वेळाने आमच्या डोक्यावरून एक पक्षी गेला. पंखावर पांढरे होते, शेपटी मिटलेली होती, आणि तो डावीकडचा होता की उजवीकडचा हे तिघांपैकी कुणालाच सांगता आले नाही. वहीत दोन ओळी नावानिशी लिहिल्या. तिसरी ओळ अशी आहे: 'रातवा, एक, ७:४०, जात अनिश्चित'.